फुले योजना, आयुष्मान, वय वंदना... बाबांच्या स्टेंटसाठी नक्की कोणतं कार्ड चालतं?

नंदनवनची_पल्लवी

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, सांभाळून घ्या, दोन रात्री झोप नाही. माझे सासरे वय ७२, आधी एम्प्रेस मिलमध्ये होते, मिल बंद पडल्यावर इतवारीत एका दुकानात हिशोब लिहायचे. मागच्या आठवड्यात छातीत दुखलं, नागपूरच्या सरकारी सुपर स्पेशालिटी हॉस्पिटलला (सगळे सुपर म्हणतात) नेलं, अँजिओग्राफी झाली, दोन ब्लॉकेज निघाले, स्टेंट टाकावे लागतील म्हणाले. आता स्थिर आहेत, हिंडूनफिरून आहेत, पण फार दिवस लांबवू नका असं सांगितलं आहे.

आमचं रेशनकार्ड केशरी. इतके दिवस मला एवढंच माहीत होतं की केशरी कार्डावर फुले योजना (राज्याची, मोफत उपचारांची) मिळते. आता जो भेटतो तो वेगळं सांगून राहिला. एक म्हणतो फुले योजना बंद झाली, केंद्राची आयुष्मान आली ना, मग राज्याची कशाला राहील. दुसरा म्हणतो आयुष्मान तुम्हाला नाहीच, कारण २०१८ मध्ये मोदींचं पत्र आलं होतं ते ज्यांना आलं त्यांनाच, आणि आमच्या शेजारच्या ऑटोवाल्या काकांना ते पत्र आलं होतं, आम्हाला नव्हतं, हे मला चांगलं आठवतं. तिसऱ्याने सांगितलं सत्तरच्या वर आहेत तर वय वंदना (म्हाताऱ्यांचं आयुष्मान कार्ड) काढा, बाकी सगळं सोडा. यांच्या कंपनीचा मेडिक्लेम आहे पण त्यात आईवडील नाहीत.

आणि एक, माझी नणंद बालाघाटला असते, ती म्हणते आमच्याकडे आयुष्मान आहे, आम्ही तर नागपूरलाच येतो दाखवायला, आम्हाला कोणी काही विचारत नाही, तुम्हालाच कसा त्रास. आता तिला काय सांगू. कोणाला खरंच माहीत असेल तर सांगा, अंदाजे नको प्लीज.

माजी_आरोग्यमित्र

ताई, पहिले श्वास घ्या. मी चार वर्षं एका हॉस्पिटलात आरोग्यमित्र म्हणून, म्हणजे योजनेच्या पेशंटचे कागद बघणारा म्हणून, टेबलावर बसलो आहे, तुमच्या या प्रश्नाने माझे अर्धे दिवस जायचे.

फुले योजना बंद झालेली नाही. केंद्राची योजना आली म्हणून राज्याची गेली असं नाही झालं, दोन्ही एकमेकींत गुंतवल्या. हे कसं झालं ते समजलं की बाकीचं आपोआप समजतं, म्हणून थोडं मागे जातो.

आपल्याकडे १९९७ पासून जीवनदायी योजना होती, हृदय, किडनी अशा मोठ्या आजारांसाठी. २०१२ मध्ये ती नव्याने राजीव गांधी जीवनदायी म्हणून आली, आधी फक्त ८ जिल्ह्यांत, विदर्भातून त्यात गडचिरोली आणि अमरावती होते, नागपूर नव्हतं. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर झाली आणि तो कार्यक्रम नागपुरातच झाला होता. २०१७ मध्ये नाव बदललं, महात्मा फुले जन आरोग्य योजना. पिवळं आणि केशरी कार्ड, कुटुंबाला वर्षाला दीड लाख, किडनी बदलायची असेल तर अडीच.

मग सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्राची आली, आयुष्मान भारत, कुटुंबाला ५ लाख. पण केंद्राने रेशनकार्ड पाहिलंच नाही. त्यांनी २०११ ची सामाजिक आर्थिक जनगणना घेतली, त्या यादीत नाव असेल तर तुम्ही आत, नसेल तर बाहेर. शहरात ती यादी धंद्यावरून होती, धुणीभांडी करणाऱ्या, फेरीवाले, कचरा वेचणारे, गवंडी, पेंटर, ड्रायव्हर वगैरे. तुमच्या ऑटोवाल्या काकांना पत्र का आलं हे आता कळलं असेल. दुकानातले मदतनीसही त्या यादीत होते, पण गणनेत तुमच्या बाबांची नोंद तशी झाली नसेल तर नाव येणार नाही, भले त्यांची कमाई ऑटोवाल्यापेक्षा कमी का असेना.

महाराष्ट्रात केंद्राच्या यादीत सुमारे ८४ लाख कुटुंबं निघाली. फुले योजनेत त्याच्या आधीच दोन कोटींच्या वर कुटुंबं होती. मग काय करणार, राज्याने आपली योजना बंद करून केंद्राची घेतली असती तर सव्वा कोटीच्या वर कुटुंबं उघडी पडली असती. म्हणून १ एप्रिल २०२० पासून दोन्ही एकत्र केल्या, टेबल एक, आरोग्यमित्र एक, पण आतून दोन. केंद्राच्या यादीतल्याला ५ लाख, बाकीच्या केशरीवाल्याला दीडच लाख. माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त भांडणं याच्यावरून. एकाच गल्लीतले दोन पेशंट, दोघांचं केशरी कार्ड, दोघांना बायपास, आणि एकाला मी म्हणतो काका काळजी नको, दुसऱ्याला म्हणतो दीड लाखाच्या वर गेलं तर बघावं लागेल. तो विचारायचा माझं काय चुकलं, मी काय सांगणार, २०११ मध्ये गणनावाला घरी आला तेव्हा तुम्ही काय सांगितलं ते आठवा?

हे २०२४ पर्यंत चाललं. २८ जुलै २०२३ ला राज्याचा जीआर निघाला आणि १ जुलै २०२४ पासून प्रत्यक्षात आलं की सगळ्यांनाच ५ लाख, पांढऱ्या कार्डवाल्यांनाही, उपचारांची यादी १३५६, किडनी ट्रान्सप्लांट साडेचार लाख. म्हणजे तुमच्या बाबांसाठी आज दीड लाखाचा प्रश्नच उरला नाही. केशरी कार्ड, आधार, फोटो आयडी घ्या आणि सुपरच्या योजना काउंटरवर जा, आरोग्यमित्र प्रीऑथ (उपचाराआधीच्या मंजुरीचा अर्ज) टाकेल. अँजिओप्लास्टी यादीत आहे, पहिल्यापासून आहे.

वय वंदना बद्दल संध्याकाळी लिहितो, ड्युटीवर आहे.

तर्री_जास्त_द्या

बाप्पा किती मोठं लिहिलं पण बरोबर लिहिलं. मी फक्त माझ्या घरची गोष्ट सांगतो कारण हे पांढऱ्या कार्डाचं दुखणं मले लय जवळून माहीत हाय. माझे दोन मामा. एक हिंगणघाटले, एक काटोलले. दोघंही शेतकरी, एकाचा कापूस, दुसऱ्याची संत्रा, दोघांचंही पांढरं कार्ड कारण कागदावर उत्पन्न जास्त दिसलं कोणत्यातरी साली. हिंगणघाटच्या मामाचं हृदयाचं ऑपरेशन फुले योजनेत झालं कारण १४ आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतल्या शेतकऱ्याले सातबारा दाखवला की पांढऱ्या कार्डावरही मिळायचं, वर्धा त्यात होता. काटोलच्या मामाले नाई मिळालं. काहून? तर नागपूर जिल्हा त्या १४ मधी नव्हता. एक रुपया नाई मिळाला राजेहो, संत्र्याची बाग गहाण टाकली. तीच नापिकी, तेच कर्ज, पण जिल्ह्याची लाइन मधी आली ना.

तेव्हा मीच मामाले म्हणत होतो की आता केंद्राची येऊन रायली, सगळ्यांचं होईल. पण ती आली तर त्यात मामाचं नाव नाई, कारण घर पक्कं, शेत हाय, मोटारसायकल हाय. मोटारसायकल! कर्जावरची. सत्तेचाळीसशे वेळा विचारलं असेल मी त्या सेंटरवर. शेवटी २०२४ मधी पांढरं कार्ड चालू झालं तेव्हा मामा म्हणे आता माझ्या हृदयात ठेवलं काय टाकायले.

माजी_आरोग्यमित्र

तर्री भाऊ, ते १४ जिल्ह्यांचं दुखणं खरं आहे. कोविडमध्ये मे २०२० ला थोडा वेळ पांढऱ्या कार्डवाल्यांनाही घेतलं होतं, तेव्हा लोकांना वाटलं कायमचं झालं, मग काउंटरवर येऊन आम्हाला शिव्या.

आता वय वंदना. हे केंद्राचं आहे, २९ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झालं. वय ७० पूर्ण असलं की झालं, उत्पन्न किती, रेशनकार्ड कोणतं, काही विचारत नाहीत, आधारवरची जन्मतारीख पाहतात. आयुष्मान ॲपवरून ई-केवायसी करून काढता येतं. ज्या घराला आधीच आयुष्मान आहे त्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला वरचे ५ लाख वेगळे, ते बाकीच्यांनी वाटून घ्यायचे नाहीत. ज्या घराला नाही, तिथे त्या ७० च्या वरच्या माणसांसाठीच ५ लाख. घरात दोघं सत्तरच्या वर असतील तर दोघांत मिळून. प्रायव्हेट मेडिक्लेम असला तरी चालतो, ईएसआय (कामगार विमा) असला तरी चालतो. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची सीजीएचएस किंवा माजी सैनिकांची ईसीएचएस असेल तर एक निवडावं लागतं. तुमच्या घरी तसं काही दिसत नाही.

पल्लवीताई, सासूबाईंचं वय किती?

नंदनवनची_पल्लवी

सासूबाई ६६. म्हणजे त्यांना नाही. बरं मग दोन्ही काढू का, वय वंदना पण आणि फुले पण? की एक काढलं की दुसरं बाद? काल ज्याने वय वंदना सांगितली तोच म्हणे की ते काढलं तर रेशनकार्डावरचं जातं, तेवढ्याने घाबरले मी.

काउंटर_नंबर_३

नाही जात. मी खाजगी हॉस्पिटलात बिलिंगला आहे (नाव विचारू नका, नोकरी आहे), रोज हेच करतो. फुले योजनेची पात्रता रेशनकार्डावरून येते आणि वय वंदनेची वयावरून, एकाने दुसरं खोडलं जात नाही. फक्त एका ॲडमिशनसाठी एकच क्लेम जातो, एकच स्टेंट दोन्हीकडे लावता येत नाही एवढंच.

पण मी तुम्हाला वेगळी गोष्ट सांगतो जी काउंटरच्या या बाजूने दिसते. लोकांना वाटतं कार्ड दाखवलं की झालं, हॉस्पिटलला मात्र हा पैसा कुठून येणार हे आधी बघावं लागतं. २०२० ला दोन्ही योजना एकत्र केल्या तेव्हा सिस्टीम अशी होती की दीड लाखापर्यंत इन्शुरन्स कंपनी देणार, युनायटेड इंडिया, सरकार तिला कुटुंबामागे प्रीमियम भरणार, आणि दीड लाखाच्या वरचं राज्याची आरोग्य हमी सोसायटी, म्हणजे सरकारच, थेट देणार. म्हणजे एकाच पेशंटचं एकच बिल, त्याचा खालचा मजला इन्शुरन्सवर आणि वरचा मजला सरकारवर. मग त्यात केंद्राच्या यादीतलं कुटुंब असेल तर खर्चाचा ६० टक्के वाटा केंद्राचा आणि ४० राज्याचा, यादीबाहेरचं असेल तर शंभर टक्के राज्याचा. पेशंटला यातलं काही दिसत नाही आणि दिसायची गरजही नाही पण पैसे यायला उशीर झाला की मॅनेजमेंट म्हणतं या योजनेचे पेशंट जरा कमी घ्या, आणि तिथून मग "सध्या बेड नाही" सुरू होतं. मी स्वतः हे वाक्य बोललो आहे, लाज वाटते पण बोललो आहे.

शिवाय केंद्राची उपचारांची यादी वेगळी, राज्याची वेगळी. केंद्राच्या २०२२ च्या यादीत १९४९ प्रोसिजर होत्या, आपल्या राज्याच्या यादीत २०२४ ला १३५६. नाव एकच, कोड वेगळा, रेट वेगळा, आणि काही प्रोसिजर फक्त सरकारी दवाखान्यासाठी राखीव, त्या आम्ही करूच शकत नाही. लोक चिडतात की तिकडे फुकट होते, तुम्ही का पैसे मागता.

तुमच्या बाबतीत सल्ला विचाराल तर सुपरलाच राहा. सुपरला आधीच दाखवलं आहे, रिपोर्ट तिथे आहेत, सरकारी आहे, योजनेत आहे. धंतोली रामदासपेठेतल्या खाजगी हॉस्पिटलात जायच्या आधी त्या हॉस्पिटलचं नाव योजनेत आहे का, आणि कार्डिओलॉजीसाठी आहे का, दोन्ही विचारा. हॉस्पिटल योजनेत असतं पण सगळ्या विभागांसाठी नसतं, हे नव्वद टक्के लोकांना माहीत नसतं. टक्के मी माझ्या मनाने सांगतोय हं.

बालाघाटी_जावई

मी पण या धाग्यात घुसतो कारण माझी सासुरवाडी बालाघाटला आणि मी मानेवाड्याचा. पल्लवीताईच्या नणंदेचं बरोबर आहे. मध्य प्रदेशात केंद्राचीच योजना आयुष्मान म्हणून चालते, तिकडे फुलेसारखी राज्याची जुनी योजना वरून जोडलेली नव्हती. त्यांच्या कार्डाला पोर्टेबिलिटी आहे, म्हणजे देशात कुठेही जे हॉस्पिटल आयुष्मानमध्ये आहे तिथे चालतं. म्हणून तर नागपूरच्या मेडिकलला (सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात), कॅन्सरच्या दवाखान्यांत छिंदवाडा, सिवनी, बालाघाट, गोंदियाच्या पलीकडचे छत्तीसगडी लोक एवढे दिसतात.

उलट दिशेला मात्र गंमत आहे. आपलं फुले योजनेचं कार्ड घेऊन रायपूरला किंवा हैदराबादला जाऊन चालेल असं गृहीत धरू नका. केंद्राच्या यादीतलं कुटुंब असेल तर पोर्टेबिलिटी आहे. राज्याच्या पैशाने कव्हर असलेलं कुटुंब राज्याबाहेर गेलं की तेवढी छत्री उघडत नाही. माझ्या साल्याच्या मित्राचं असंच झालं, नागपूरचं केशरी कार्ड, हैदराबादला नोकरी, तिथे अपघात झाला, ॲडमिट झाला, आणि काउंटरवर विचारलं तर ही योजना तुमच्या राज्यात, आमच्याकडे नाही. बिल भरावं लागलं. वय वंदना मात्र केंद्राची आहे त्यामुळे ती बाहेर चालते, म्हणून माझं मत, बाबांचं वय वंदना काढूनच ठेवा, आज लागो न लागो. उद्या नणंदेकडे गेले आणि तिथे काही झालं तर?

मनीषनगर_संशयी

सगळे छान सांगून राहिले पण मला एक कळत नाही, केंद्राने राज्याच्या योजनेवर आपली योजना चढवली की राज्याने केंद्राच्या? श्रेय कोणाचं, खर्च कोणाचा? पश्चिम बंगालने तर २०१९ मध्ये सरळ सांगितलं आम्हाला नको, आमची वेगळी आहे. दिल्ली आणि ओडिशा कित्येक वर्षं बाहेर होते, २०२५ मध्ये आत आले. तामिळनाडूने मात्र स्वतःची योजना ठेवून केंद्राची जोडून घेतली. म्हणजे ज्या राज्याची आधीपासून योजना होती त्यांना कटकट, ज्यांची नव्हती त्यांना सोपं, बरोबर ना? आंध्रची आरोग्यश्री २००७ ची आहे, आपली २०१२ ची राजीव गांधी जीवनदायी त्याच्यावरूनच शिकून केलेली. आणि आता सगळीकडे कार्डावर फोटो कोणाचा यावरच भांडण. फोटो पाहून स्टेंट बसतो का?

आणि दुसरं, सगळ्यांना ५ लाख केलं पण ओपीडीचं काय? माझ्या आईची शुगर, बीपी, महिन्याला औषधं दोन हजारांची, त्याला कोणतंच कार्ड नाही. ॲडमिट व्हा मग मिळेल. म्हणजे आजार वाढवा, मग या.

काउंटर_नंबर_३

मनीषनगर, ओपीडीचं खरं आहे, दोन्ही योजना ॲडमिशनच्याच आहेत. आयुष्मानमध्ये ॲडमिशनच्या आधीचे ३ दिवस आणि नंतरचे १५ दिवस धरतात एवढंच. फुले योजनेत डिस्चार्जनंतर १० दिवसांची औषधं. त्यानंतर स्टेंटवाल्याला रक्त पातळ करायच्या गोळ्या कितीतरी महिने घ्याव्या लागतात, त्या स्वतःच्या खिशातून. पल्लवीताई, हे आधीच मनात धरा. जनऔषधी दुकानात विचारा, फरक पडतो.

कोणी कोणावर योजना चढवली याचं तुमचं अर्धं बरोबर. केंद्राची यादी छोटी होती म्हणून राज्याची योजना जिवंत राहिली, आणि केंद्राचे ५ लाख होते म्हणून राज्याला दीडवरून ५ वर जावं लागलं. दोन यादीतल्या दोन माणसांना किती दिवस वेगळं ठेवणार. हे माझं मत, कोणी जीआर मागू नका.

तर्री_जास्त_द्या

मनीषनगरवाले भाऊ फोटोचं सोडा, आमच्या मामाचा फोटो लावला तरी चालते मले, फक्त काउंटरवरचा माणूस वर मान करून बघला पाहिजे.

माजी_आरोग्यमित्र

पल्लवीताई, उद्यासाठी एवढं. बाबांचं आधार आणि रेशनकार्डावरचं नाव एकसारखं आहे का ते आज रात्रीच बघा. "विठ्ठलराव" आणि "विठ्ठल" एवढ्या फरकावर मी लोकांना तीन तीन दिवस फिरताना पाहिलं आहे. नाव, जन्मसाल, आणि बाबांचं नाव कार्डात कुटुंबप्रमुख म्हणून आहे की तुमच्या नवऱ्याचं. फरक असेल तर पुरवठा कार्यालयात किंवा सेतूत जाऊन दुरुस्ती होईपर्यंत थांबू नका, आरोग्यमित्राला सांगा, तो काय कागद लागतो ते सांगेल. कोणी पैसे मागितले तर १५५३८८ वर फोन करा, तो राज्याचा नंबर आहे. आयुष्मानचा १४५५५. इमर्जन्सी आली तर फोनवर इंटिमेशन देऊन (कळवून) ट्रीटमेंट सुरू करता येते, कागद नंतर दिले तरी चालतात. हे कोणी आपणहून सांगत नाही, तुम्हीच म्हणायचं.

नंदनवनची_पल्लवी

सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री तुमचं वाचून यांनी कपाटातून कार्डं काढली आणि खरंच, आधारवर बाबांचं आडनाव आहे आणि रेशनकार्डावर आडनावाच्या जागी गाव छापलंय!! आयुष्यात कधी लक्ष नाही गेलं. आज सकाळी सुपरला गेलो, आरोग्यमित्र एक मुलगी होती, तिने मतदार ओळखपत्र मागितलं, त्याच्यावर दोन्ही होतं, आडनावही आणि गावही, तेवढ्यावर काम झालं. प्रीऑथ टाकलं आहे. मंजूर आलं की तारीख देतील.

वय वंदना पण केलं, मी फोनवरच केलं, बाबांचा चेहरा स्कॅन होत नव्हता चष्म्यामुळे, चष्मा काढला तर त्यांना दिसेना मोबाईल कुठे आहे. चार वेळा. शेवटी झालं.

नणंदेला सांगितलं की तुझं कार्ड केंद्राचं म्हणून इकडे चालतं आणि आमचं राज्याचं म्हणून तुझ्याकडे नाही. ती म्हणे मग भाऊबीजेला बाबांना पाठवू नका का.

बालाघाटी_जावई

पाठवा पाठवा, वय वंदना आहे ना आता. फक्त गोळ्या सोबत द्या, तिकडच्या गोड पदार्थांपासून सांभाळायला पण कोणीतरी द्या.